विमानामागची पांढरी रेघ फोटोत फिकी आणि पुसट येते : कारणे व उपाय

निळ्या आकाशात विमानामागे उमटणारी पांढरी रेघ डोळ्यांना ठळक दिसते. तिच्या कडा स्वच्छ असतात आणि इंजिनांमागून निघणारे वेगवेगळे पट्टेसुद्धा नीट पाहिल्यास ओळखता येतात. तीच रेघ फोटोत मात्र आकाशाच्या फिकट पांढुरकेपणात विरून जाते, आणि विमानाच्या जागी एक अस्पष्ट ठिपका उरतो. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की पुष्कळ जण कॅमेरा बदलतात, अधिक लांब पल्ल्याची लेन्स घेतात आणि तरीही तिथेच अडकतात; कारण या एका तक्रारीमागे चार-पाच वेगवेगळे दोष असतात, आणि कॅमेऱ्याच्या मागच्या लहान पडद्यावर ते सगळे सारखेच दिसतात. एक्स्पोजर (सेन्सरवर पडणाऱ्या प्रकाशाचे प्रमाण) चुकलेले असताना फोकसशी झटापट करणे किंवा हवेमुळे आलेल्या अस्पष्टतेसाठी लेन्सला दोष देणे, यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात. म्हणून उपायाआधी निदान करावे, आणि ते अंदाजाने न करता फाइल पाहून करावे, असा माझा आग्रह आहे.

आधी दोष ओळखावा

एकाच रेघेचे, एकाही सेटिंगला हात न लावता, सलग आठ-दहा फोटो घ्यावेत आणि ते संगणकावर पूर्ण आकारात, म्हणजे शंभर टक्के मोठे करून, एकापाठोपाठ एक पाहावेत. रेघेच्या आत कोणताही पोत नसेल, ती सपाट पांढरी दिसत असेल, तर दोष एक्स्पोजरचा आहे. सर्व फोटो सारख्याच प्रमाणात आणि सर्व दिशांना मऊ असतील, तर फोकस चुकला आहे. विमान किंवा रेघ एका ठरावीक दिशेने ओढल्यासारखी दिसत असेल, तर दोष हालचालीचा आहे. एका फोटोत कडा स्वच्छ, दुसऱ्यात नागमोडी, तिसऱ्यात पुसट असे प्रत्येक वेळी वेगळे दिसत असेल, तर मधली हवा अस्थिर आहे. आणि सर्व काही रेखीव असूनही रेघ व आकाश यांच्यात फरकच नसेल, तर प्रकाश वाटेतल्या धुरकट थरांत हरवला आहे.

तपासणीसाठी फोटोतली एक जागा फार उपयोगी पडते. ही रेघ इंजिनाला चिकटून सुरू होत नाही. इंजिनातून बाहेर पडलेल्या उष्ण वायूंतील बाष्प भोवतालच्या अतिथंड हवेत मिसळते, काजळीच्या सूक्ष्म कणांवर साकळते आणि लगेच गोठते. याला क्षणभर वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात विमान काही दहा मीटर पुढे गेलेले असते. त्यामुळे विमान आणि रेघेची सुरुवात यांच्यामध्ये निळ्या आकाशाची एक छोटी फट असते. दोन इंजिनांच्या विमानामागे सुरुवातीला दोन आणि चार इंजिनांच्या विमानामागे चार धागे असतात, आणि मग पंखांमुळे तयार झालेल्या भोवऱ्यांत ते ओढले जातात. लांब लेन्सने टिपलेल्या फोटोत ही फट निळी आणि मोकळी दिसत असेल व धागे वेगळे मोजता येत असतील, तर फोकस, शटर आणि हवा या तिन्ही गोष्टी जमल्या आहेत असे समजावे. फट पांढुरकी झाली असेल, तर यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

एक्स्पोजर

सर्वाधिक फोटो येथेच बिघडतात. कॅमेऱ्याचे मीटर समोरचे दृश्य सरासरीने मध्यम उजळ आहे असे धरून चालते. चौकटीत केवळ आकाश असेल, तर हे गृहीतक बऱ्यापैकी निभावते. पण खाली काळोखी झाडे किंवा इमारतीची सावलीतली बाजू आली, की मीटर त्या अंधाराची भरपाई करू लागते आणि आकाशासकट रेघ पांढरी फटक होते. उलट चौकटीच्या कडेला सूर्याचा झगझगाट आला, की सगळे दृश्य काळवंडते आणि रेघ राखाडी दिसते. एकाच सकाळी, एकाच आकाशात, एक फोटो धुतल्यासारखा आणि दुसरा मळकट का येतो, याचे उत्तर येथे आहे. स्पॉट मीटरिंगनेही, म्हणजे चौकटीतल्या एका लहान वर्तुळापुरताच प्रकाश मोजूनही, हा प्रश्न सहसा सुटत नाही, कारण मीटरचे वर्तुळ रेघेच्या जाडीपेक्षा मोठे असते आणि प्रत्यक्षात आकाशच मोजले जाते.

यावर सरळ उपाय म्हणजे मॅन्युअल मोड, म्हणजे सर्व सेटिंग स्वतः ठरवणे. रेघ ही थेट सूर्यप्रकाशात असलेली पांढरी वस्तू आहे आणि चौकटीत खाली झाड आले काय किंवा गेले काय, तिच्यावर पडणारा प्रकाश बदलत नाही. मग एक्स्पोजर तरी का बदलावे? भर उन्हासाठी छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा की अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाशद्वार; आकडा मोठा तितके द्वार लहान) एफ/१६ असताना शटर स्पीड (शटर किती काळ उघडे राहते तो वेळ) आयएसओच्या (सेन्सरच्या प्रकाशसंवेदनशीलतेच्या) आकड्याइतका ठेवावा, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. त्याच हिशेबाने एफ/८ ला १/४०० येतो. पांढऱ्या रेघेचा पोत राखायचा असल्याने मी १/५०० किंवा १/६४० पासून सुरुवात करण्याचा सल्ला देईन. त्यानंतर कॅमेऱ्यातील अतिप्रकाशित भाग लुकलुकवून दाखवणारी सूचना चालू करावी आणि रेघ लुकलुकत असेल तर एक-तृतीयांश स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) टप्प्यांनी एक्स्पोजर कमी करत न्यावे. हिस्टोग्राम (फोटोतील उजेड-अंधाराचे वाटप दाखवणारा आलेख) पाहताना लाल, हिरवा व निळा असे तिन्ही आलेख वेगळे पाहावेत. एकत्रित आलेखात हिरव्याचा वाटा मोठा असतो, त्यामुळे निळा रंग उजव्या कडेला आपटून कापला गेला तरी तो आलेख निर्धास्त दिसतो, आणि मग आकाशाच्या छटा कायमच्या जातात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच यावा यासाठीची रंगजुळणी, हीही ऑटोवर ठेवू नये. चौकट निळ्याने भरलेली पाहून कॅमेरा ती निळाई हा दोष समजतो आणि भरपाई म्हणून पिवळेपणा मिसळतो. त्यामुळे रेघ एका फोटोत पिवळट तर पुढच्यात निळसर येते. डेलाइट किंवा सुमारे ५२०० ते ५५०० केल्व्हिन ही ठरावीक निवड केल्यास सर्व फोटो एका रंगात राहतात, आणि जोडचित्र किंवा टाइमलॅप्स करायचा असेल तर याला पर्यायच नाही.

सूर्यास्तानंतरची वेळ याला अपवाद आहे. दहा किलोमीटर उंचीवरची रेघ जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही साधारण पाव तास किंवा त्याहून थोडा अधिक काळ उन्हात असते. तेव्हा आकाश झपाट्याने गडद होते आणि रेघ केशरी होते. ठळकपणा आपोआप मिळतो, परंतु प्रकाश सतत उतरत असल्यामुळे दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक्स्पोजर तपासावे लागते.

फोकस

मोकळ्या आकाशात ऑटोफोकसला पकडण्यासाठी काहीच नसते, म्हणून लेन्स पुढे-मागे फिरत राहते आणि कुठेतरी चुकीच्या जागी थांबते. ऑटोफोकसचा बिंदू निळ्यावर न ठेवता रेघेच्या कडेवर किंवा विमानावर ठेवावा, एवढ्यानेही पुष्कळदा काम होते. तरीही भरवशाचा मार्ग म्हणजे आधीच दूरच्या वस्तूवर, जसे दोन किलोमीटरपलीकडचा मनोरा, डोंगराची कड किंवा दिवसा दिसणारा चंद्र, फोकस साधून लेन्स मॅन्युअलवर टाकणे. ३०० मिमी लेन्सला एफ/८ वर दोन किलोमीटर आणि दहा किलोमीटर यांच्यातील फोकसचा फरक व्यवहारात उरत नाही, त्यामुळे विमान येण्याची वाट पाहावी लागत नाही.

लेन्सची रिंग अनंताच्या टोकापर्यंत फिरवून ठेवणे ही मात्र हमखास फसणारी युक्ती आहे. तापमानानुसार भाग प्रसरण-आकुंचन पावतात, म्हणून बहुतेक ऑटोफोकस लेन्सना अनंताच्याही थोडे पुढे जाण्याची मुभा दिलेली असते. रिंग टोकाला नेली की प्रत्यक्षात फोकस अनंतापलीकडे जातो आणि सगळेच मऊ येते. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) दृश्य दहा पट मोठे करून फोकस साधावा, आणि हवा तापत किंवा गार होत असेल तर तासाभराने तो पुन्हा पाहावा. लेन्सवर स्वस्त संरक्षक फिल्टर असेल तर तो काढून एक चाचणी घ्यावी. लहान लेन्सवर न जाणवणारा त्याचा दोष लांब लेन्सवर स्पष्ट दिसतो.

हालचाल

प्रवासी जेट विमान साधारण ताशी ९०० किमी, म्हणजे सेकंदाला २५० मीटर वेगाने जाते. ते दहा किलोमीटर उंचीवरून थेट डोक्यावरून जात असेल, तर आपल्या दृष्टीने सेकंदाला जवळजवळ १.४ अंश सरकते. ३०० मिमी लेन्सच्या सेन्सरवर ही सरक सेकंदाला ७.५ मिमी होते, आणि पिक्सेल सहा मायक्रॉनचा असेल तर सेकंदाला १२५० पिक्सेल. म्हणजे कॅमेरा स्थिर ठेवून १/२५० ने फोटो घेतला, तर विमान पाच पिक्सेल ओढले जाणार. १/१२५० ला ही ओढ एका पिक्सेलवर येते. रेघेला हा नियम लागू नाही, कारण ती फक्त वरच्या वाऱ्याबरोबर सरकते. म्हणून रेघ स्वच्छ आणि विमान रेघेच्याच दिशेने पुसट असेल, तर शटर स्पीड वाढवावा किंवा विमानाबरोबर कॅमेरा संथपणे फिरवावा. दोन्ही भलत्याच दिशेने पुसट असतील, तर हात हलला आहे.

याच ठिकाणी अपेक्षाही तपासून घ्याव्यात. साठ मीटर पंखविस्ताराचे विमान दहा किलोमीटरवरून अंशाच्या एक-तृतीयांशाएवढे, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासापेक्षाही लहान दिसते. वरच्याच सेन्सरवर ते ३०० मिमी लेन्सने सुमारे ३०० पिक्सेल आणि ५० मिमी लेन्सने अवघे ५० पिक्सेल व्यापते. ५० मिमीच्या फोटोत विमानाच्या खिडक्या दिसत नाहीत, हा दोष नव्हे.

हवा, आणि वेळेची निवड

वरचे सर्व काही बरोबर असूनही फोटो पुसट येतो तेव्हा कारण बहुधा हवेत असते, आणि हेच कारण लोक सर्वांत शेवटी मान्य करतात. डोक्यावरचे विमान दहा किलोमीटरवर असते. तेच क्षितिजापासून २० अंशांवर दिसत असेल, तर अंतर २९ किलोमीटरच्या आसपास होते, आणि १० अंशांवर ते पन्नासच्या पुढे जाते. शिवाय हे वाढलेले अंतर धूळ, धूर आणि बाष्प यांनी भरलेल्या खालच्या थरांतूनही कापावे लागते. तेथे विखुरलेला पांढुरका प्रकाश रेघेवर आणि आकाशावर सारखाच पसरतो, आणि दोघांतील फरक मिटतो. या अवस्थेत कोणतीही महागडी लेन्स मदत करू शकत नाही. शक्यतो ४० अंशांच्या वरचीच विमाने निवडावीत.

दुसरा त्रास तापलेल्या हवेच्या थरथरीचा. छप्पर, डांबरी रस्ता, उभ्या गाडीचे बॉनेट, थंडीत उबदार खोलीची उघडी खिडकी, या सर्वांवरून किंवा यांतून उठणारी हवा प्रकाशाला सतत वाकवत असते. अ‍ॅपर्चर लहान करून किंवा ट्रायपॉड लावून ही थरथर जात नाही. जागा बदलावी, शक्य तर गवताळ किंवा मातीच्या मोकळ्या जागेत उभे राहावे, आणि काचेतून फोटो घेणे पूर्णपणे टाळावे. लेन्स गार खोलीतून उन्हात किंवा उबेतून थंडीत आणली असेल, तर ती बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत थांबावे. कारण लेन्स आणि तिच्या हूडमधल्या हवेतील तापमानाचा फरकसुद्धा तशीच थरथर निर्माण करतो. आणि सलग अनेक फोटो घ्यावेत. थरथरत्या हवेतही मधूनच एखादा क्षण स्थिर असतो, आणि दहांपैकी एका फोटोत तो सापडतो.

आता पोलरायझरविषयी, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आत सोडणाऱ्या, लेन्सवर फिरवता येणाऱ्या फिल्टरविषयी, कारण तो योग्य वेळी वापरला तर या विषयात त्याच्याइतके उपयोगी दुसरे साधन नाही. निळ्या आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवरच्या पट्ट्यात सर्वाधिक ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, तर रेघेतील बर्फकणांवरून येणारा प्रकाश फारसा ध्रुवित नसतो. पोलरायझर फिरवल्यावर आकाश गडद होते आणि रेघ त्या मानाने उजळ राहते. हा पट्टा शोधण्यासाठी तर्जनी सूर्याकडे रोखावी आणि अंगठा तिच्याशी काटकोनात ताणावा. तर्जनी तशीच ठेवून मनगट फिरवले की अंगठा आकाशातला जो मार्ग दाखवतो तो हा पट्टा. सूर्य डोक्यावर असताना पट्टा क्षितिजालगत, म्हणजे नेमक्या धुरकट भागात जातो. सूर्य खाली असताना तो डोक्यावरून जातो. त्यामुळे सकाळी लवकरची वेळ मला या कामासाठी निर्विवादपणे सर्वोत्तम वाटते: जमीन अजून तापलेली नसते, डोक्यावरची विमाने सर्वांत जवळ असतात आणि पोलरायझरचा परिणामही तिथेच सर्वाधिक मिळतो. पोलरायझरमुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, तो मॅन्युअलमध्ये भरून काढावा. २८ मिमीपेक्षा रुंद लेन्सवर मात्र आकाशाचा एक तुकडा गडद आणि बाकीचा फिका असा डाग पडतो, म्हणून तेथे तो न लावलेला बरा.

सूर्याच्या जवळून जाणारी रेघ टिपायची असेल, तर सूर्य एखाद्या इमारतीआड घ्यावा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून लांब लेन्सने सूर्याकडे पाहिल्यास डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. येथे घाई अजिबात करू नये.

आकाशात डाग आणि पायऱ्या

प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसणारे करडे गोल डाग म्हणजे सेन्सरवरची धूळ. एफ/१६ ला ते ठसठशीत, एफ/५.६ ला जवळजवळ अदृश्य होतात. म्हणून एफ/८ च्या आसपास काम करावे, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून हातपंपाने धूळ उडवावी, आणि दाबाखालच्या वायूचे डबे सेन्सरवर कधीही वापरू नयेत. रेघेशेजारी समांतर जाणारी काळसर पट्टी मात्र दोष नसते. ती खालच्या विरळ ढगावर किंवा धुरकट थरावर पडलेली रेघेचीच सावली असते, आणि ती पुसून टाकू नये.

निळ्याच्या छटांत पायऱ्या दिसणे हा फाइलचा प्रश्न आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पातळ्या असतात आणि आकाश त्यांतल्या थोड्याच वापरते. त्या ताणल्या की पायऱ्या उघड्या पडतात. १४ बिटांच्या रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या, संस्कार न झालेल्या माहितीत) १६,३८४ पातळ्या असतात, म्हणून रॉमध्ये फोटो घेऊन संस्कार १६ बिटांत करावेत आणि शेवटी जेपेग करताना अगदी बारीक ग्रेन (दाणेदार पोत) मिसळावा. संपादनातली डीहेज (धुरकटपणा कमी करणारी) आणि क्लॅरिटी (कडा ठळक करणारी) ही साधने बेताने वापरावीत, कारण रेघेभोवती प्रभावळ आणि आकाशात दाणे तेथूनच येतात. कृष्णधवल फोटो करायचा असेल तर लाल चॅनेलला प्राधान्य द्यावे; निळे आकाश त्यात सर्वाधिक गडद होते आणि रेघ सर्वाधिक उठून दिसते.

मोबाइल आणि रात्रीचे आकाश

मोबाइलमध्ये रेघेवर बोट दाबून एक्स्पोजर व फोकस लॉक करावा आणि सूर्याच्या चिन्हाची पट्टी खाली ओढावी. अनेक चौकटी एकत्र करणारा एचडीआर आकाश गुळगुळीत करतो आणि रेघेचा पोत पुसतो, तेव्हा प्रो मोडमध्ये रॉ उपलब्ध असेल तर तो वापरावा. डिजिटल झूमने नवा तपशील मिळत नाही.

रात्री ताऱ्यांच्या फोटोत शिरलेल्या रेघा काढण्यासाठी एका दीर्घ एक्स्पोजरऐवजी अनेक लहान एक्स्पोजर घ्यावेत आणि जोडताना मीडियन किंवा सिग्मा क्लिपिंग (इतर चौकटींपेक्षा फार वेगळ्या असलेल्या पिक्सेलना वगळणाऱ्या पद्धती) निवडावे; एकाच चौकटीत आलेली रेघ त्यामुळे बाद होते. लुकलुकत्या ठिपक्यांची, कडेने लाल किंवा हिरवी रेघ विमानाची असते, अखंड आणि संथ रेघ बहुधा उपग्रहाची, आणि एकाच चौकटीत दोन्ही टोकांना निमुळती झालेली रेघ बहुधा उल्केची. शेवटची चुकून पुसली जाऊ नये म्हणून मूळ चौकटी जपून ठेवाव्यात.

रेघच उमटत नसेल तर

काही दिवशी विमाने दिसतात, पण रेघ नसते, किंवा विमानामागे जेमतेम बोटभर उमटून विरते. याचा कॅमेऱ्याशी संबंध नाही. रेघ तयार होण्यासाठी त्या उंचीवर साधारण उणे ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड हवा लागते, आणि टिकण्यासाठी ती हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त, म्हणजे बर्फकण टिकून वाढतील इतकी बाष्पाने भरलेली, असावी लागते. हवा कोरडी असेल तर बर्फकण लगेच वायुरूप होतात. दमट असेल तर रेघ तासन्‌तास टिकते, पसरते आणि तंतुमेघासारखी दिसू लागते. जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या मेघसंग्रहात दहा मिनिटांहून अधिक टिकलेल्या अशा रेघांना सिरस होमोजेनिटस असे ढगाचे नावच दिले आहे. आकाशात आधीच विरळ तंतुमेघ असतील, तर लांब रेघांची शक्यता चांगली असते. पहिल्या दोन-तीन विमानांच्या रेघा आखूडच राहिल्या, तर त्या उंचीवरची हवा कोरडी आहे असे समजून त्या दिवशी लांब लेन्स लावावी आणि विमानामागची ती निळी फट व वेगळे धागे टिपावेत. रुंद लेन्सचे काम दमट दिवसासाठी राखून ठेवावे.